अपिलासोबतचे कागद : ग्वाल्हेर, वऱ्हाड आणि हैदराबाद यांच्या निमित्ताने

न्यायव्यवस्थेच्या इतिहासावर मराठीत आणि उर्दूत जे लेखन झाले आहे त्यात न्यायाधीश येतात, गाजलेले खटले येतात, निवाड्यांची भाषा येते. वरच्या कोर्टात दाद मागायला निघालेल्या माणसाच्या हातातील कागदांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. त्याने कोणता कागद सोबत न्यायचा, तो कोणत्या लिपीत असावा, त्यावर किती रुपयांचे तिकीट लावायचे, आणि हे सारे किती दिवसांत करायचे, हे प्रश्न कारकुनी वाटतात. परंतु असंख्य माणसांच्या जमिनी, नोकऱ्या आणि प्रसंगी स्वातंत्र्य याच कारकुनी प्रश्नांवर गेले किंवा वाचले आहे. प्रस्तुत लेखात या कागदांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखकाचे वास्तव्य ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात असल्यामुळे आरंभीची बरीच उदाहरणे इकडची आहेत. मुद्दा मात्र केवळ इकडचा नाही.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच 'लष्कर' हे शहर झाले. दख्खनेतून आलेली मराठी घराणी आणि हिंदुस्थानी मुन्शी-मुत्सद्दी घराणी येथे शेजारी शेजारी राहू लागली. एकाच वाड्यातील दप्तरात मोडीतील मराठी हिशेब, फारसी सनद, उर्दू फैसला आणि पुढच्या काळातील नागरी हिंदी नक्कल असे चार थर सापडणे येथे नवलाचे नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाकडे अशी दप्तरे वाचून घेण्यासाठी लोक येत असतात. ती वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. निवाडा काय झाला यापेक्षा नक्कल कधी मिळाली, हीच माहिती कागदाच्या पाठीवर अधिक काळजीने नोंदवलेली असते. तिचे कारण पुढे येईलच.

आधी शब्दांविषयी थोडे. 'अपील' हा शब्द इंग्रजीमार्गे आला आणि मराठी, हिंदी, उर्दू तिन्हीत रुळला. हैदराबाद संस्थानच्या उर्दूत मात्र 'मुराफा' हा अरबी मूळाचा शब्द चालत असे. त्यातील 'रफअ' या धातूचा अर्थ वर उचलणे, वर नेणे. अपिलाची कारणे म्हणजे 'मोजिबात', प्रमाणित प्रत म्हणजे 'नक़ल-ए-मुसद्दका', मुदत टळलेले अपील म्हणजे 'बैरून-ए-मियाद'. मराठी कोर्टात याच गोष्टींना अपिलाची कारणे, सहीशिक्क्याची नक्कल आणि मुदतबाह्य अपील म्हणतात. गंमत अशी की पुण्याच्या कोर्टात डिक्रीला आजही 'हुकूमनामा' म्हणतात आणि उर्दूचा वारसा सांगणाऱ्या ग्वाल्हेरच्या कोर्टात तिला सरळ 'डिक्री' म्हणतात. प्रतिवादीच्या लेखी उत्तराला मराठीने 'कैफियत' हा शब्द ठेवला, उर्दूने 'जवाबदावा' केला. 'दरखास्त' म्हणजे उर्दूत कोणताही अर्ज. मराठी वकिलाच्या तोंडी त्याचा अर्थ एकच, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. कचेरीचे शब्द आपल्या भाषांनी एकमेकींकडून उसने घेतले आणि परत करताना अदलाबदल झाली, असे म्हणावे लागते.

मराठेशाहीत आजच्या अर्थाने अपील होते काय? या विषयाचा पायाभूत अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी केला. तो १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्या काळच्या कागदांवरून दिसते ते असे. गावच्या गोतसभेपुढे वाद गेला की वादी आणि प्रतिवादी, म्हणजे त्या भाषेत अग्रवादी आणि पश्चिमवादी, आधी राजीनामा लिहून देत. या शब्दाचा आजचा अर्थ येथे घेऊ नये. राजीनामा म्हणजे सभेचा निवाडा आपल्याला राजी आहे अशी कबुली. त्यासोबत जामीन, मग दोन्ही बाजूंच्या तकरिरी, पुरावा आणि शेवटी महजर किंवा निवाडपत्र. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी भरे. गोताचा निवाडा न मानणाऱ्याला परस्थळी न्याय मागण्याची आणि पुढे हुजुरास फिर्याद करण्याची वाट होती. परंतु या फिर्यादीला ठरलेली मुदत नव्हती, ठरलेला नमुना नव्हता. वतनाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा उकरले जात ते यामुळेच. म्हणून त्या व्यवस्थेत महत्त्वाचा कागद वेगळाच होता. हरलेल्याकडून यजितखत लिहून घेतले जाई, की आपण हरलो, पुन्हा वाद सांगणार नाही. मराठेशाहीला वाद बंद करणारा कागद हवा होता. पुढे आलेल्या कंपनी सरकारला वाद वर नेण्यासाठी कागद हवा होता. दोन्ही व्यवस्थांच्या मनोवृत्तीतील फरक मला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

कंपनीच्या कोर्टांचा मूळ आराखडा बंगालमधील. कॉर्नवॉलिसने १७९३ साली कोर्टातील फी काढून टाकली, वकिलांची सनद आणि वकालतनामा यांचे नियम केले. त्या वेळी वकील निवडताना कलकत्त्याचा मदरसा आणि बनारसची संस्कृत पाठशाळा येथील विद्यार्थ्यांना प्राधान्य द्यावे असे धोरण होते, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. दोनच वर्षांनी, १७९५ च्या ३८ व्या रेग्युलेशनने फी परत आली. कारण सांगितले गेले ते खोट्या आणि क्षुल्लक दाव्यांना आळा घालण्याचे. आधीपासून चालू असलेल्या दाव्यांनाही ती लागू झाली. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण दीडशे वर्षांनी अकोल्याच्या एका प्रकरणात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनची १८२७ ची नियमावली आली. तेथे फारसीचे बंगालसारखे वर्चस्व कधीच नव्हते. खालच्या कोर्टांचे काम मराठी, गुजराती या देशभाषांत चाले. उत्तरेत १८३७ च्या २९ व्या कायद्याने फारसीची सक्ती उठली आणि तिची जागा उर्दूने घेतली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची वाट तर श्रीमंतांचीच होती. १८३८ च्या आदेशानुसार तंट्याची किंमत किमान दहा हजार रुपये असावी आणि सहा महिन्यांत अर्ज करावा अशी अट होती. याशिवाय खर्चाची हमी, संपूर्ण कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर आणि पुढे छपाई. मूळ मोडीतील कागद लंडनला पोहोचेपर्यंत त्याचे दोन-तीनदा रूपांतर झालेले असे.

आजच्या व्यवस्थेची चौकट घडली ती १८५९ पासून १९०८ पर्यंतच्या पन्नास वर्षांत. १८५९ चा दिवाणी व्यवहाराचा कायदा आणि मुदतीचा कायदा, १८७० चा कोर्ट फीचा कायदा आणि शेवटी १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता. या संहितेचा ४१ वा आदेश प्रत्येक अपिलाची जन्मपत्रिका ठरवतो. त्याचा पहिला नियम सांगतो की अपील लेखी मेमोच्या स्वरूपात असावे, कारणे थोडक्यात, वेगवेगळ्या शीर्षांखाली, क्रमांक घालून मांडावीत, त्यांत युक्तिवाद किंवा कथन नसावे. मेमो नियमाप्रमाणे नसेल तर कोर्ट तो नाकारू शकते किंवा दुरुस्तीसाठी परत देऊ शकते. आणि मूळ नियमाप्रमाणे सोबत डिक्रीची नक्कल हवीच. निकालपत्राची नक्कल कोर्ट माफ करू शकत असे, डिक्रीची नाही.

आपल्या कोर्टांत निकाल आज सांगितला जातो, डिक्रीचा मसुदा शिरस्त्याप्रमाणे यथावकाश तयार होतो आणि नक्कल त्यानंतर मिळते. मुदत मात्र निकालाच्या तारखेपासून चालू लागते. खालच्या कोर्टाच्या दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात जायला ३० दिवस, हायकोर्टात जायला ९० दिवस. म्हणून मुदतीच्या कायद्याच्या १२ व्या कलमात नकलेसाठी लागलेला काळ वजा करण्याची तरतूद आहे. नकलेच्या पाठीवरील तारखांचे महत्त्व येथे आहे. अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख. समजा निकाल १ मार्चला लागला, नकलेचा अर्ज ११ मार्चला दिला आणि नक्कल २५ मार्चला तयार झाली. ३० दिवसांची मुदत एरवी ३१ मार्चला संपली असती. ११ ते २५ मार्च हे १५ दिवस वजा होऊन ती १५ एप्रिलपर्यंत जाते. परंतु पक्षकार नक्कल घ्यायला ५ एप्रिलला गेला, तर २५ मार्चनंतरचे दिवस त्याच्या खात्यातून जातात. नक्कल तयार असतानाही ती न उचलणे ही त्याची स्वतःची दिरंगाई. एवढा हिशेब आमच्याकडील जुन्या मुन्शींना तोंडपाठ असे. पदवीच्या वर्गात कायदा शिकलेल्या विद्यार्थ्यांना तो मांडून दाखवावा लागतो.

जेथे नियमाने नक्कल जोडण्याची सक्तीच नाही, तेथेही हा काळ वजा करायचा काय? रंगूनहून आलेल्या सुरती विरुद्ध चेट्टियार या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९२८ साली होय असे उत्तर दिले. माणसाला निकाल वाचल्याशिवाय अपील करावे की नाही हे कसे ठरवता येईल, हा त्यामागचा साधा विचार. १९९९ च्या दुरुस्तीने, जी १ जुलै २००२ पासून लागू झाली, डिक्रीच्या नकलेची सक्ती गेली. निकालपत्राची प्रत पुरेशी ठरली आणि डिक्री १५ दिवसांत तयार करावी असे बंधन आले. तोवर जवळजवळ शतकभर पक्षकार एका कागदासाठी नक्कल खात्याच्या खिडकीशी उभे होते.

आता ग्वाल्हेर. संस्थान असल्यामुळे येथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू नव्हते. १८५० च्या दशकात दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी कारभाराचे नियम 'दस्तूर-उल-अमल' या नावाने एकत्र आणले. कोकणातून आलेल्या या मराठी दिवाणाने आपल्या नियमावलीला फारसी नाव द्यावे, यातच ग्वाल्हेरचा स्वभाव दिसतो. पुढच्या काळातील कायद्यांची नावेही तशीच, सर्वांत परिचित म्हणजे 'कानून माल, रियासत ग्वालियर, संवत १९८३'. वर्ष विक्रम संवताचे, म्हणजे इसवी १९२६-२७. मुदत मोजण्याच्या दृष्टीने पंचांगाचा प्रश्न लहान नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या मुदतीच्या कायद्याने सर्व दस्तऐवजांतील काळ इंग्रजी कालगणनेनेच मोजायचा असे ठरवून टाकले होते. आजच्या १९६३ च्या कायद्याच्या २४ व्या कलमातही ते आहे. संस्थानात मात्र कागदावर संवताची मिती असे, आणि तिची इंग्रजी तारीख काढताना अधिक मासामुळे घोळ होण्यास भरपूर वाव होता.

संस्थानी प्रजेला प्रिव्ही कौन्सिलचे दार नव्हते. शेवटची दाद दरबाराकडे. ही व्यवस्था २६ जानेवारी १९५० रोजी संपली. संविधानाच्या ३७४ व्या अनुच्छेदाने 'ब' वर्गातील राज्यांत प्रिव्ही कौन्सिलसारखे काम करणाऱ्या संस्था बंद झाल्या आणि त्यांच्यापुढची प्रलंबित प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे आली. पण दिवाणी प्रक्रिया संहिता या राज्यांना लागू झाली ती १९५१ च्या दुसऱ्या कायद्याने, १ एप्रिल १९५१ पासून. मधल्या काळातील कागदांचे काय झाले याचे उदाहरण ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांच्या प्रकरणात मिळते. १९४७ साली ग्वाल्हेरच्या कोर्टात दावा दाखल झाला. प्रतिवादी उत्तर प्रदेशात राहणारे, ते हजर झाले नाहीत. १९४८ साली एकतर्फी डिक्री झाली. पुढे ती अंमलबजावणीसाठी अलाहाबादला पाठवली गेली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की ग्वाल्हेरचे कोर्ट त्या वेळी परके कोर्ट होते आणि त्या डिक्रीची अंमलबजावणी अलाहाबादेत होऊ शकत नाही. उलट दिशेचे उदाहरणही आहे. पश्चिम बंगालच्या बांकुरा येथील १९४९ ची डिक्री आमच्या शेजारच्या मुरैन्यात आली, तेव्हा मुरैना परके ठरले आणि ते प्रकरण १९७१ पर्यंत दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. ही प्रकरणे अंमलबजावणीची आहेत, अपिलाची नव्हेत, हे खरे. पण शिक्का कोणत्या राज्याचा यावर कागदाची किंमत कशी ठरते हे त्यांतून जेवढे दिसते तेवढे अन्यत्र क्वचितच दिसते.

कागद कोठे दाखल करायचा हाही प्रश्नच होता. २८ मे १९४८ ला मध्य भारत राज्य झाले आणि त्याचे उच्च न्यायालय ग्वाल्हेरला बसू लागले, इंदूरला त्याचे खंडपीठ होते. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला आणि मुख्य आसन चारशेहून अधिक किलोमीटर दूर जबलपूरला गेले. नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला होते, जे नागपूरच्या उच्च न्यायालयातून आले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. ग्वाल्हेर आणि इंदूर येथे आरंभी तात्पुरती खंडपीठे ठेवण्यात आली. ती कायम झाली २८ नोव्हेंबर १९६८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. भिंड, मुरैना, शिवपुरी, गुना, विदिशा, दतिया येथील पक्षकाराला तेव्हापासून आपले अपील ग्वाल्हेरच्या खिडकीवर देता येईल याची खात्री झाली. बारा वर्षे ती खात्री नव्हती.

हैदराबादची कथा आणखी वेगळी आहे. तेथे १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होते, त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमाने कायद्याची परिभाषा घडवली होती. त्या संस्थानातील नरहरी विरुद्ध शंकर हे प्रकरण वकिलांना ठाऊक आहे, इतिहासाच्या अभ्यासकांना फारसे नाही. जमिनीच्या ताब्याचा एकच दावा. प्रतिवादींचे दोन गट. खालच्या कोर्टात वादी जिंकले, तेव्हा दोन्ही गटांनी गुलबर्ग्याच्या सदर अदालतीत वेगवेगळी अपिले केली. सदर अदालतीने एकाच निकालाने दोन्ही मान्य केली. आता वादींनी वर जाताना किती अपिले करायची, एक की दोन? त्यांनी उच्च न्यायालयात दोन केली, पण दुसरे मुदतीनंतर पडले. उच्च न्यायालयाने म्हटले की दुसरे मुदतबाह्य, म्हणून त्या बाजूचा निर्णय अंतिम झाला, आणि तो अंतिम झाल्यामुळे पहिले अपीलही चालू शकत नाही. म्हणजे वेळेवर केलेले अपील उशिरा केलेल्या अपिलाने बुडवले. सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली हा निर्णय फिरवला. दावा एक, निकाल एक, मग दोन अपिलांची गरजच नाही, असा त्याचा आशय. नव्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्याच वर्षातील हा निवाडा आहे, आणि त्याचे मूळ उर्दूतून चालणाऱ्या सदर अदालतीत आहे.

वऱ्हाडातील प्रकरण याहून महत्त्वाचे, कारण तेथे कागद नव्हे तर पैसा सोबत मागितला गेला. अकोल्याच्या हुसेन कासम दादा या व्यापारी कंपनीने नोव्हेंबर १९४७ मध्ये विक्रीकराचे विवरण भरले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात त्या वेळी अपिलाची अट सौम्य होती. करदात्याला स्वतःला जेवढा कर मान्य असेल तेवढा भरला की अपील दाखल होई. २५ नोव्हेंबर १९४९ ला कायदा बदलला. आता वादग्रस्त कर पूर्ण भरल्याचा पुरावा सोबत असल्याशिवाय अपील घ्यायचे नाही, असे ठरले. कंपनीवरील आकारणी अमरावतीच्या अधिकाऱ्याने एप्रिल १९५० मध्ये केली. कंपनीने पैसे न भरता अपील केले, ते दाखलच करून घेतले गेले नाही. महसूल मंडळ आणि नागपूरचे उच्च न्यायालय येथेही दाद लागली नाही. सरकारची बाजू सरळ होती. आकारणी कायदा बदलल्यानंतरची आहे, तेव्हा नवीन अट लागू. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली ती नाकारली. अपिलाचा हक्क निकाल लागल्यावर निर्माण होत नाही, तंटा सुरू होतो त्या दिवशी तो पक्षकाराच्या हाती येतो. त्या दिवशीच्या अटींवरच तो वापरता आला पाहिजे. नंतरचा कायदा स्पष्ट शब्दांत तसे म्हणत नसेल तर तो हक्क हिरावला जात नाही, किंवा जड अटींनी बांधलाही जात नाही.

या निवाड्यातील एक वाक्प्रयोग कायद्याच्या पुस्तकांत नेहमी उद्‌धृत होतो, परंतु मला त्यामागचा व्यवहार अधिक बोलका वाटतो. संपूर्ण कर आधी भरा आणि मग तक्रार करा, असे म्हणणे म्हणजे ज्याच्याजवळ रोकड आहे त्यालाच तक्रारीचा हक्क देणे. दाखल करण्याची अट ही प्रक्रियेची बाब आहे असे म्हणून तिला दुय्यम लेखणाऱ्यांना हे प्रकरण उत्तर आहे. १७९५ साली चालू दाव्यांना फी लागली, तेव्हा असा प्रश्न विचारायला वरचे कोर्ट नव्हते. पुढच्या काळात कायदेमंडळांनी मधला मार्ग काढला. २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या कायद्यात पहिल्या अपिलासाठी मान्य कर पूर्ण आणि वादग्रस्त कराच्या दहा टक्के अशी ठेव ठरली. अकोल्याच्या जुन्या अटीपेक्षा ही जड, नव्या अटीपेक्षा हलकी.

मुदत टळल्यानंतर काय, याविषयी मध्य प्रदेशाच्याच रेवा भागातून आलेले रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स हे प्रकरण पाहावे. अपिलाचा शेवटचा दिवस फेब्रुवारी १९५५ मधला. त्याच दिवशी अपील करणारा आजारी पडला आणि अपील एक दिवस उशिरा दाखल झाले. खालच्या न्यायालयाने विचारले, शेवटच्या दिवसाचे जाऊ द्या, आधीचे नव्वद दिवस तुम्ही काय करत होता? सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने १९६१ साली निकाल लिहिला तो सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मुदतीचा शेवटचा दिवस वापरणे हा पक्षकाराचा हक्क आहे, आधीच्या दिवसांचा हिशेब त्याला मागता येत नाही, स्पष्टीकरण हवे ते मुदत संपल्यापासून दाखल होईपर्यंतच्या दिवसांचे. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने उशिरा आलेल्या अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडणे संहितेतच घालण्यात आले. १९८७ च्या कातिजी प्रकरणात न्यायालय उदार झाले, २०१२ च्या लिव्हिंग मीडिया प्रकरणात सरकारी खात्यांची दप्तरदिरंगाई ही सबब म्हणून चालणार नाही असे सांगून ते कठोर झाले. हा झोका अद्याप चालू आहे.

दिवाणी पक्षकाराला निदान नकलेची खिडकी गाठता येते. तुरुंगातील माणसाचे काय? होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातील आरोपी सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होता. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदवीपत्रांच्या प्रयत्नाबद्दल तो दोषी ठरला. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ साली ती तीन वर्षांवर नेली. निकालाची प्रत तुरुंग अधीक्षकाकडे गेली. ती कैद्याला दिली गेली याची त्याच्या सहीची पोच मात्र नव्हती. तो सर्वोच्च न्यायालयात आला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा भोगून झाल्यावर. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज गुणवत्तेवर फेटाळला. अपराधाबद्दल न्यायालयाला यत्किंचित सहानुभूती नव्हती, आणि आपण अध्यापकांनी ती बाळगण्याचेही कारण नाही. पण त्याच निकालात असे ठरले की तुरुंगवासाची शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य आणि तात्काळ द्यावी, तुरुंगाने ती पोहोचवून लेखी पोच घ्यावी, आणि अपिलाची सोय करून द्यावी. हे सर्व अनुच्छेद २१ मधील न्याय्य कार्यपद्धतीचे अंग आहे. एका अपात्र माणसाच्या अर्जातून पुढच्या हजारो कैद्यांना नकलेचा हक्क मिळाला.

भाषेचा प्रश्न अजून मिटलेला नाही. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, पण राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल हिंदीला परवानगी देऊ शकतात. मध्य प्रदेशात ती १९७१ साली मिळाली. त्यामुळे ग्वाल्हेरला अपिलाचा मेमो हिंदीत देता येतो. महाराष्ट्रात २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी झाली, उच्च न्यायालयाची मात्र इंग्रजीच राहिली. म्हणजे मराठीत चाललेला दावा वर जाताना साक्षी, दस्तऐवज, निकाल यांची इंग्रजी भाषांतरे लागतात. मोडी किंवा उर्दू खरेदीखत असेल तर दुहेरी. त्यासाठी जाणकार भाषांतरकार किती उरले आहेत याचा विचार भाषा शिकवणाऱ्या संस्थांनी करण्याजोगा आहे. उर्दू आणि मोडी दोन्ही वाचणारा पदवीधर हा केवळ साहित्याचा विद्यार्थी नसतो, कोर्टाला त्याची गरज असते.

शिक्षकांच्या दृष्टीने दोन तरतुदी येथे नोंदवतो. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. बडतर्फी किंवा पदावनतीचा हुकूम हाती आल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे असते, पुरेसे कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. अल्पसंख्याक शिक्षण संस्थांसाठी २००४ चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे. त्यात २००६ साली घातलेल्या १२-अ कलमाप्रमाणे, संस्था स्थापनेचे ना हरकत प्रमाणपत्र नाकारले गेल्यास आयोगाकडे ३० दिवसांत अपील करता येते, आणि त्यासोबत नाकारल्याच्या हुकमाची प्रत जोडावी लागते. १९०८ च्या संहितेतील जुनी अटच येथे नव्या ठिकाणी उतरली आहे. हुकूम तोंडी सांगितला गेला, लेखी दिलाच नाही, अशी तक्रार संस्थाचालकांकडून ऐकू येते. अशा वेळी पहिला अर्ज लेखी हुकमाच्या मागणीचा, पोच घेऊन, हे संस्थेच्या कार्यालयात प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

करोनाच्या साथीत मुदतीचा हा सारा हिशेबच थांबला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आणि त्या काळात मुदत संपलेल्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस दिले. ई-फायलिंगचा प्रसारही त्याच काळात वेगाने झाला. आता मेमो स्कॅन करून पाठवता येतो, निकाल संकेतस्थळावर वाचता येतो. पण संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत ही सहीशिक्क्याची नक्कल नव्हे, आणि १२ व्या कलमाखाली वजा होणारे दिवस अजूनही नकलेच्या अर्जाच्या तारखेपासूनच मोजले जातात.